दुखण्याची गोळी आणि छातीतली गाठ

‘रोज दुखण्याची गोळी घ्यावी लागते, त्याने छातीचा कॅन्सर होईल का?’ आणि ‘ॲस्पिरिन घेणाऱ्या बायकांना हा कॅन्सर कमी होतो म्हणतात, मग सुरू करू का?’ आरोग्यावर लिहिणाऱ्यांकडे हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही विचारणाऱ्यांनी खरीच बातमी वाचलेली असते. एका अभ्यासात धोका वाढलेला दिसला, दुसऱ्यात घटलेला.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न घराघरातला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्यातली, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतली, बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. कोणी दिवसभर वाकून कांदे काढते, कोणी पहाटे धारा काढायला बसते. कंबर धरते, मान आखडते, गुडघे ठणकतात, पण काम थांबत नाही. मग मेडिकलमधून गोळी येते आणि ती वर्षानुवर्षे चालू राहते.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकू. कॅन्सरच्या भीतीने अधूनमधून घेतलेल्या गोळीचा धसका घेऊ नका, आणि कॅन्सर टाळण्यासाठी स्वतःच्या मनाने एकही गोळी सुरू करू नका. या गोळ्यांचा खरा आणि सिद्ध झालेला धोका पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांना आहे. छातीच्या, म्हणजे स्तनाच्या, कॅन्सरच्या बाबतीत मोठे नुकसान होते ते गोळीने तपासणी पुढे ढकलली गेली की.

आधी स्ट्रिपवरचे बारीक अक्षरातले नाव वाचा

‘दुखण्याची गोळी’ हे एकच औषध नव्हे. मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते, खाली बारीक अक्षरात औषधाचे. निर्णय त्या बारीक नावावर घ्यायचा.

सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या गटात ॲस्पिरिन (डिस्प्रिन, कमी मात्रेत इकोस्प्रिन), आयब्युप्रोफेन (ब्रुफेन), डायक्लोफेनॅक (व्होवेरान), ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि एटोरिकॉक्सिब येतात. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिडच असते.

पॅरासिटामॉल (क्रोसिन, डोलो) या गटात नाही. ते दुखणे आणि ताप कमी करते, सूज फारशी उतरवत नाही.

सर्वाधिक चुका जोडगोळ्यांमुळे होतात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सकाळी एक, दुपारी दुसरी आणि संध्याकाळी दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतले, तर एका दिवसात एकाच गटातली तीन औषधे शरीरात जातात. घेणाऱ्याला मात्र तीन वेगळे उपाय केल्यासारखे वाटते.

कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सुट्या, रंगीत गोळ्या घेऊच नका. त्यांवर नाव नसते, मुदत नसते आणि त्यांत स्टेरॉइड असू शकते. स्टेरॉइडने सांधे दोन दिवसांत मोकळे होतात, म्हणून पुडीची सवय लागते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती अचानक तोडू नका. डॉक्टरांना दाखवून कमी करत बंद करा.

अभ्यास नेमके काय सांगतात?

सुजेच्या प्रक्रियेत शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते, आणि या गोळ्या ती थांबवतात. त्यातल्या एका द्रव्यामुळे स्तनाच्या चरबीत इस्ट्रोजेन बनण्याला चालना मिळते, आणि स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढतात. म्हणून गोळ्यांनी धोका घटावा, अशी आशा संशोधकांना वाटली. निर्णयासाठी एवढे शास्त्र पुरे.

२००४ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या अभ्यासात ॲस्पिरिन नियमित घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या १ लाख १४ हजारांहून अधिक शिक्षिका व शाळा-कर्मचारी स्त्रियांच्या पाहणीत उलटे चित्र आले. पाच वर्षांहून अधिक काळ रोज आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांमध्ये धोका सुमारे दीडपट दिसला. ‘पेनकिलरने कॅन्सर’ ही बातमी तिथून निघाली.

आणि २०१७ मध्ये त्याच शिक्षिकांपैकी ५७ हजारांवर स्त्रियांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये धोका १६ टक्क्यांनी कमी आढळला. ‘ॲस्पिरिनने बचाव’ अशा बातम्यांना त्यातून बळ मिळाले. एकाच राज्यातल्या एकाच समूहातून बारा वर्षांत दोन परस्परविरोधी मथळे निघाले!

असे का होते, हे एकदा समजून घेतले की पुढच्या मथळ्याने तुम्ही गोंधळणार नाही. या तिन्ही अभ्यासांत संशोधकांनी कोणालाही गोळी दिली नव्हती. कोण काय घेते, एवढे विचारून कोणाला कॅन्सर झाला ते पडताळले. रोज गोळी घेणारी बाई इतर अनेक बाबतींत वेगळी असते. तिचे वजन जास्त असेल, व्यायाम कमी असेल किंवा ती डॉक्टरकडे वारंवार जात असेल. फरक गोळीमुळे पडला की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे अशा पाहणीतून पुरते सुटत नाही.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठी टाकून अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी देणे. तशी चाचणी अमेरिकेत ३९,८७६ स्त्रियांवर झाली. सगळ्या ४५ वर्षांपुढच्या. निम्म्यांना दिवसाआड १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन सरासरी दहा वर्षे पाहिले. २००५ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की दोन्ही गटांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. ना फायदा, ना तोटा.

कॅन्सर होऊन गेलेल्यांना तरी फायदा होतो का? अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चाचणीत ३,०२० रुग्णांवर रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनची परीक्षा घेतली गेली. फायदा होण्याची चिन्हे नाहीत असे दिसल्याने गोळ्या मुदतीआधीच थांबवल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये सविस्तर निष्कर्ष छापून आले. ॲस्पिरिनच्या गटात आजार उलटण्याच्या घटना किंचित जास्तच होत्या, मात्र हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. सेलेकॉक्सिब या नव्या पिढीच्या गोळीचीही अशीच चाचणी युरोपात झाली आणि २०२१ मध्ये तिचेही उत्तर नकारार्थी आले. ‘ॲड-ॲस्पिरिन’ ही आणखी एक मोठी चाचणी ब्रिटन, आयर्लंड आणि भारतात मिळून हाती घेतली गेली. आपल्याकडे तिचे नेतृत्व मुंबईच्या टाटा मेमोरियलकडे आहे. अशा चाचणीतल्या रुग्णांवर डॉक्टरांची सतत नजर असते. घरी बसून मेडिकलमधून ॲस्पिरिन आणणे म्हणजे ते नव्हे.

मग तुम्ही काय करायचे?

अधूनमधून गोळी लागत असेल तर काळजी करू नका. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्या. एका वेळी या गटातले एकच औषध. सुरुवात पॅरासिटामॉलने करा. धडधाकट प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा घरात कोणी रोज दारू पिणारे असेल, तर त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. जोडगोळीतले पॅरासिटामॉलही या हिशेबात धरा.

गोळी रोजचीच झाली असेल तर थांबून कारण शोधा. एका आठवड्यापेक्षा जास्त दिवस सलग गोळी लागते, याचा अर्थ दुखण्याचे निदान व्हायला हवे. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचे मलम हा चांगला पर्याय आहे. ते रक्तात फार कमी उतरते. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांना वेळ लागतो, पण फायदा टिकतो.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गटातली गोळी घेऊ नये:

- रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात व्रण असलेल्यांनी;
- लघवी होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्या, अथवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी;
- गरोदर स्त्रियांनी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर;
- डेंग्यूची शंका असलेल्या तापात कोणीही. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

मूत्रपिंडाबद्दल थोडे अधिक. जनावरांना डायक्लोफेनॅक देण्यावर देशात २००६ मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. माणसाचे शरीर हे औषध गिधाडापेक्षा पुष्कळ चांगले हाताळते. पण मार्चच्या उन्हात दिवसभर ऊस तोडताना लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी प्यायचे आणि वर दोन गोळ्या घ्यायच्या, हे मूत्रपिंडांना झेपणारे नाही. मुकादमाकडे फडावर पिण्याचे पाणी आणि आडोसा मागणे हाही म्हणूनच औषधोपचाराचा भाग आहे.

हृदयाचेही तसेच. डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर हजार जणांमागे हृदयविकार किंवा पक्षाघातासारखे सुमारे तीन झटके जास्त येतात, असे २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात दिसले. शौचाला डांबरासारखे काळे होणे, पायांवर सूज, लघवी कमी होणे, छातीत दाब, धाप यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असेल तर हे वाचून ती बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांनी तर मुळीच नाही. ॲस्पिरिनबरोबर आयब्युप्रोफेन घेतली तर ॲस्पिरिनचे हृदयरक्षणाचे काम अडू शकते. दुसरी दुखण्याची गोळी लागणार असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असतील तर

इथे चुकीच्या गोळीची किंमत सर्वात मोठी आहे.

केमोथेरपीत ताप १००.४ अंशांवर गेला तर तो उतरवायला गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, आणि गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग नाही. थर्मामीटर घरात ठेवा आणि तेवढा ताप आला की रात्र असली तरी रुग्णालयात जा. प्लेटलेट कमी असताना या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावही होऊ शकतो.

लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल घेणाऱ्या कित्येक जणींचे सांधे धरतात. सकाळी बोटे मिटत नाहीत, जिना उतरताना गुडघे बोलतात. मग रोज डायक्लोफेनॅक सुरू होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे लेट्रोझोलच गुपचूप बंद होते. हे दुसरे कृपा करून करू नका. आजार उलटू नये म्हणून पाच-पाच वर्षे द्यायची ती गोळी आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांच्याकडे पर्याय असतात: त्याच गटातली दुसरी गोळी, ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी, ड्युलोक्सेटिन हे चाचणीत उपयोगी ठरलेले औषध, आणि नियमित चालणे व ताकदीचे व्यायाम. व्यायामाने हे सांधेदुखणे कमी होते, हेही चाचणीत दिसले आहे.

उपचार संपून काही वर्षे झाल्यावर पाठीत नवे दुखणे सुरू झाले, ते रात्री जास्त होते आणि दोन-तीन आठवड्यांत हटत नाही, तर गोळीवर दिवस काढू नका. कॅन्सर हाडांत उतरला नाही ना, हे तपासावे लागते. त्यासोबत पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर ती तातडीची वेळ आहे.

आणि शस्त्रक्रिया व्हायची असेल तर सर्जनना एक प्रश्न अवश्य विचारा: ‘गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन देणार का?’ टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती भूल देण्याचे हे साधे, स्वस्त औषध टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. लिडोकेन दुखण्याच्या गोळ्यांच्या गटातले नाही, आणि ते शस्त्रक्रियेच्या वेळीच टोचायचे असल्याने घरी वापरण्याचा प्रश्नच येत नाही. पण दुखण्याशी संबंधित औषधांमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर मोठ्या चाचणीत असा फायदा दाखवणारे औषध हे आहे, आणि ते काम आपल्या राज्यातून उभे राहिले याचा मराठी वाचकांना अभिमान वाटावा.

गाठ असेल तर गोळी नव्हे, तपासणी

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे, आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंचा. मृत्यू इतके जास्त असण्याचे एक मोठे कारण म्हणजे उशीर. हा उशीर दोन प्रकारे होतो, आणि दुसऱ्यात गोळीचाही वाटा असतो.

पहिला: सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून दाखवली जात नाही. उलट, पाळीआधी दोन्ही स्तन दुखणे हे सहसा कॅन्सरचे लक्षण नसते. त्याला घट्ट, नीट मापाची ब्रा, पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने डायक्लोफेनॅकचे मलम पुरते. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज मनातून काढून टाका.

दुसरा: स्तन लाल, गरम, सुजलेला होतो, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. अंगावर पाजणाऱ्या बाईत हा बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि अँटिबायोटिक व सुजेच्या गोळीने उतरतो. पण दाहक प्रकारचा कॅन्सर अगदी असाच दिसतो. औषधांनी एक-दोन आठवड्यांत पूर्ण बरे वाटले नाही, तर आणखी एक कोर्स घेऊ नका. तुकडा तपासायला सांगा.

क्रम असा ठेवा:

१. पाळीनंतर आठवडाभराने, आरशासमोर आणि हाताने, स्वतः पाहा. नवी गाठ, काखेत गाठ, त्वचेला खळगा, स्तनाग्र आत ओढले जाणे, रक्ताळ स्राव दिसला तर वाट पाहू नका.

२. तिशीनंतर गावातल्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात छातीची तपासणी मोफत करून घ्या. आशाताईंना विचारा, दिवस त्या सांगतील. या साध्या हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रियांवर वीस वर्षे चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केल्यावर कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यामुळे अशा सेविकांचे मोल या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको.

३. गाठ लागली तर तीन तपासण्या ठरलेल्या आहेत: डॉक्टरांची हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून पॅथॉलॉजी. ‘चाळिशीच्या आत आहात, काही नसेल’ एवढ्यावर परत येऊ नका. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे.

४. कुठे जायचे? नगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि विळद घाटातले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातली मोठी ठिकाणे आहेत. जामखेड-कर्जतकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय सोयीचे पडते. टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणीचे काम चालू आहे. निघण्याआधी कोणत्या दिवशी कॅन्सरचा बाह्यरुग्ण विभाग असतो, हे फोनवर विचारून घ्या. मजुरीचा दिवस वाया जाणार नाही.

तुमचे हक्क

स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नसते. बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. तक्रार असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. डॉक्टरांना इंजेक्शनचे नाव कागदावर लिहून मागणे हाही तुमचा हक्क आहे, आणि ‘याऐवजी गोळी चालेल का?’ हे विचारण्यात संकोच नको.

तपासणीचे सर्व अहवाल, फिल्म, स्लाइड आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक तुमचे आहेत. दुसरा सल्ला घ्यायला ते लागतात, म्हणून सुटी होतानाच मागून घ्या. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. दिसले नाही तर विचारा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन त्यात बसते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी जा, पैसे भरल्यानंतर नव्हे. चौकशीचे क्रमांक १५५३८८ आणि १८००-२३३-२२०० हे आहेत.

गोळीने त्रास झाला तर तो कळवण्याची सोयही आहे, आणि ती डॉक्टरांपुरती नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडमुळे अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज आणणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा दिला. असे इशारे देशभरातून आलेल्या नोंदींवरूनच तयार होतात. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा घरचे माणूस मराठीतून बोलण्याची विनंती करू शकते. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, किती दिवस घेतले, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत दुसरी कोणती औषधे चालू होती, एवढे विचारले जाते.